शनी निसटला नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी शिकवायला नको — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करून माझे केस पिकायला आलेत. कुणाच्या अंगात आलं म्हणून सांगितलं की आधी शुगर तपासून घ्या म्हणणाऱ्यांतली मी. सासरच्या गावी कुठल्या वडाखाली कोण दिसतं, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात, हे सगळं मी चहा पीत ऐकते आणि कप विसळायला आत जाते. या पेजवरचे अनुभवसुद्धा मी टाइमपास म्हणूनच वाचायचे, राग मानू नका.

तरी आज लिहायला बसलेय. कारण गेल्या मार्गशीर्षात शहाडला जे झालं ते मी घरात सांगून बघितलं, लॅबमध्ये एका मैत्रिणीला सांगून बघितलं, आणि दोन्हीकडे समोरच्यानं माझ्याकडे काळजीनं बघितलं. इथे निदान मला तुमचे चेहरे दिसणार नाहीत. आणि हो, यात पांढरी साडी नाही, किंकाळी नाही. घाबरायला आलेल्यांनी इथूनच मागे फिरलं तरी चालेल.

मंदार माझा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन वर्तकनगरला आले, तो आणि आई डोंबिवलीला, कोपरच्या घरी. बाबा आम्ही शिकत असतानाच गेलेले. मंदार अंबरनाथला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. लग्न केलं नाही. आई त्याच्यासाठी मुली बघून बघून दमली आणि शेवटी तिनं तो विषय सोडला, कारण याचा जीव भलतीकडेच जडलेला... आकाशात. अमावास्या जवळ आली की हा आणि त्याचे मित्र कुठल्या तरी मैदानावर टेलिस्कोप घेऊन उभे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून तारकांचे पुंजके नाहीतर गुरूचे उपग्रह दाखवतायत. फुकट.

टेलिस्कोप विकतचा नव्हता. त्यानं स्वतः बनवलेला, तोही आरसा घासण्यापासून. गॅलरीत एक पिंप, पिंपावर जाड काच, तिच्यावर दुसरी काच, मधे घासायची पूड आणि पाणी — आणि हा त्या पिंपाभोवती गोल गोल फिरत महिनोन् महिने काच घासतोय. आई वैतागायची. "अरे, भातात कचकच लागतेय तुझी पूड!" शेवटी आरसा झाला, नळी झाली, सुताराकडून नळी ठेवायचं लाकडी खोकं करून घेतलं. खोक्याला रंग कुठला, तर आमच्या दाराचा उरलेला तपकिरी. उभं केलं की माझ्या खांद्याला लागेल एवढं ते धूड. मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, त्यामुळे मला चिडवायला त्याला आयतंच सापडलेलं. "ताई, तू जन्मभर खाली बघ. वरचं मी सांभाळतो."

तो टेलिस्कोप पहिल्यांदा गच्चीवर नेला त्या संध्याकाळी मी तिथे होते. याला सात-आठ वर्षं झाली. दिवाळीची सुट्टी, मी माहेरी आलेले, अख्खी बिल्डिंग गच्चीवर. मंदारनं शनी लावला. पहिला मान आईचा, असा त्याचा हट्ट. आई वाकली, थोडं बघितलं आणि म्हणाली, "दिसलं हो! वा!" मंदारनं सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. मग मी बघितलं. खरं सांगते, मला हसूच फुटलं, इतका तो चित्रातल्यासारखा होता. पिवळसर गोळा आणि भोवती चांगलं ऐसपैस, तिरकं, उघडं कडं. त्या दिवसापासून मंदार आईची ओळख "माझी पहिली प्रेक्षक" अशीच करून द्यायचा. दर वर्षी शनी दिसायला लागला की पहिली तिला हाक मारायचा, आणि आई दर वर्षी वा म्हणायची.

गेल्याच्या गेल्या श्रावणात मंदार गेला. कामावर असताना छातीत दुखलं. फोन आला, मी ठाण्याहून निघाले, पोचेपर्यंत सगळं संपलेलं. चाळिशीही आली नव्हती त्याची. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहायचं म्हटलं तरी जमणार नाही.

टेलिस्कोप हॉलच्या कोपऱ्यात चादर घालून ठेवलेला होता. आई रोज ती चादर झटकायची आणि पुन्हा घालायची. वर्ष गेलं. मंदार जिवंत असताना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिच्या मागे लागून थकला होता. ते तिनं या दसऱ्यानंतर एकदम मनावर घेतलं. मी रजा टाकून तिच्याकडे राहायला गेले. ऑपरेशन छान झालं. आठवड्याभरानं मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होते, तर ती वर बघतच म्हणाली, "वैशू, मला ते कधीच दिसलं नव्हतं गं."

"काय दिसलं नव्हतं?"

"शनी. एकदाही नाही."

मला आधी कळलंच नाही. मग ती सगळं बोलली. पहिल्या दिवशी गच्चीवर तिला नुसता काळोख दिसला, आणि स्वतःच्याच पापण्या. डोळा कुठे लावायचा, चष्मा काढायचा की ठेवायचा, काही कळेना. मागे एवढी माणसं रांगेत. आणि हा शेजारी उभा, "दिसलं का आई, दिसलं का" करत. मग तिनं म्हटलं, दिसलं. "आणि एकदा म्हटल्यावर पुढच्या वर्षी नाही कसं म्हणणार? तो एवढा आनंदात असायचा. मग मोतीबिंदू वाढला, मग तर प्रश्नच मिटला." थेंब आणि डोळ्यातलं पाणी सगळं एकत्र वाहत होतं, आणि मी तिला सांगतेय, रडू नकोस, टाके... — आता टाके नसतात, मला माहीत आहे, पण तोंडातून तेच आलं.

"मला एकदा बघायचंय," ती म्हणाली. "त्याच्याच टेलिस्कोपातून. खरं खरं. मग मी पुन्हा काही मागणार नाही."

आईनं माझ्याकडे आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. मी त्याच संध्याकाळी अभिजितला फोन लावला. अभिजित म्हणजे मंदारचा मित्र, शहाडला राहतो, तो आणि आणखी काही जण मिळून लोकांना आकाश दाखवायचे कार्यक्रम करतात. तो म्हणाला, "ताई, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपास आमचा कार्यक्रम आहे, नदीच्या बाजूच्या शाळेच्या मैदानावर. काकूंना आणा. पण त्या दिवशी मी मोठ्या टेलिस्कोपवर असणार. मंदारचा तुम्हाला चालवायला लागेल. मी शिकवतो."

आणि तो खरंच शिकवायला आला. कोपरच्या गच्चीवर, दिवेलागणीनंतर. मला वाटलेलं, त्यात काय, मीही जन्मभर आयपीसमध्येच, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातच बघतेय. पहिल्यांदा मी नळीला दोन्ही हातांनी धरलं, तर तो म्हणाला, "ताई, मिठी नका मारू. एक बोट. फक्त एक बोट." नळीवर एक छोटी दुर्बीण बसवलेली असते, फाइंडर म्हणतात. आधी त्या छोटीत ग्रह मधोमध आणायचा, मग मोठ्या आयपीसला डोळा लावायचा. चित्र उलटं दिसतं, त्यामुळे डावीकडे न्यायचं असेल तर मन म्हणतं एक आणि बोट करतं दुसरंच. ते मला मायक्रोस्कोपमुळे लवकर जमलं. शनी सापडला तशी मी ओरडलेच. अभिजितला दाखवायला बाजूला झाले. तो वाकला आणि म्हणाला, "कुठाय?"

"आत्ता होता! गेला?"

"तो नाही गेला, आपण गेलो. पृथ्वी फिरतेय ना."

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या स्लाइडवरची पेशी मी जेवून आले तरी तिथेच असते. इथे तसं नाही. मोठमोठ्या टेलिस्कोपांना मोटर असते, ते आपोआप ग्रहामागे फिरतात. मंदारच्या खोक्याला मोटर नाही. हातानं, किंचित किंचित, सतत ढकलत राहायचं. नाही ढकललं तर दोनेक मिनिटांत ग्रह कडेला सरकून नजरेबाहेर. जरा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे — नळी जागच्या जागी राहिली तर ग्रह निसटतो. ग्रह दिसत राहायला हवा असेल तर नळी हलायला लागते, आणि ती हलवायला कुणीतरी लागतं.

"म्हणून आम्ही काय करतो," अभिजित म्हणाला, "ग्रह एका कडेला लावून ठेवतो. माणूस बसेपर्यंत तो मधे येतो, मग सरकत पलीकडे जातो. तोवर बघणाऱ्याचं बघून होतं, पुढच्यासाठी परत लावायचा. मंदारचं मात्र वेगळं होतं. म्हातारं माणूस आलं की हा बाजूनं फाइंडरला डोळा लावून, एका बोटानं ढकलत उभा. ती आजी बघेल तितका वेळ. मागची लाइन शिव्या घालायची. आम्ही बोललो तर म्हणायचा, अरे, त्यांना सापडायला वेळ लागतो रे." बोलता बोलता तो उगाच आयपीस पुसायला लागला.

जाताना त्यानं आणखी एक सांगितलं. "या वर्षी लोक जरा हिरमुसतात. शनीचं कडं जवळपास मिटलंय. चौदा-पंधरा वर्षांनी एकदा ते आपल्याला अगदी कडेनं दिसतं. ताट समोर धरलं की गोल दिसतं ना, आणि डोळ्याच्या रेषेत आडवं धरलं की नुसती रेघ. तसं." ते मला दिसलंच होतं. गोळा, आणि त्यातून आरपार गेलेला एक बारीक दोरा. मंदारनं दाखवलेला तो ऐसपैस शनी नव्हताच हा. आईला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग राहू दे या वर्षी. आणि तिच्या वयाला पुढच्या वर्षाचा भरवसा मी धरत नाही... मंदारनंतर तर कुणाचाच धरत नाही.

निघायच्या दिवशी शेजारच्या मालूकाकू दारात आल्या. टेलिस्कोप जिन्यावरून उतरवताना बघून म्हणाल्या, "अहो, शनीला बघायला काय जाताय मुद्दाम? त्याची नजर पडू नये म्हणून लोक तेल वाहतात."

आई चपला घालत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या घरातून न्यायला आता काय उरलंय त्याला?"

मी तिथेच उभी होते. पण मला वाईट वाटलं नाही. तिचं म्हणणं कळत होतं.

मैदानावर पोचलो तेव्हा सूर्य बुडून तासभर झाला असेल. तीन टेलिस्कोप होते. अभिजितचा मोठा एका टोकाला, मधे एक, आणि दुसऱ्या टोकाला झाडाशी आमचा. नदीकडून गार वारा आणि ढीगभर डास. आईला शाल गुंडाळून, गॉगल लावून एका खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, "आधी बाकीच्यांना दाखव, मला घाई नाही." मग मी दाखवायला लागले. शाळेची पोरं, सोसायट्यांमधली कुटुंबं, आयपीसला मोबाइल लावून फोटो काढायला बघणारे काका. थोड्या वेळात मला एक गोष्ट कळायला लागली. ज्याला खरंच दिसतं तो लगेच 'दिसलं' म्हणत नाही. तो आधी 'अरे!' म्हणतो, नाहीतर गप्प बसतो. 'दिसलं, दिसलं' करत पटकन उठणारे बहुतेक सगळे काळोख बघून जातात. रांगेतली निम्मी माणसं तशीच गेली. मला आईची आठवण येत होती, आणि ती तर माझ्या पाठीमागेच बसलेली.

रांग जरा विरळ झाल्यावर मी तिला आणलं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं, गॉगल काढला, ऑपरेशन झालेला डोळा आयपीसला लावायला सांगितलं.

"दिसतंय?"

"नाही."

मला इतकं बरं वाटलं! आई नाही म्हणाली. मी परत लावला, तिची मान जरा इकडे, जरा तिकडे केली. "आता?" — "नुसता काळोख आहे गं." पुन्हा लावला. तोवर जमीन उंचसखल म्हणून स्टूल डुगडुगायला लागलं. मी फाइंडरमधून शनी कडेला आणून ठेवला, बोट काढलं, आणि खाली बसून एका हातानं स्टुलाचा पाय धरला, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला.

आई म्हणाली, "अरे..."

आणि गप्प झाली.

मी हलले नाही. मागे एक माणूस विचारत होता, "मॅडम, आमचा नंबर?" अभिजितनं लांबून बघितलं असावं, कारण त्यानं आवाज दिला, "त्या लाइनमधले सगळे इकडे या, इथे दाखवतो." सगळे तिकडे गेले. झाडाखाली आम्ही दोघीच राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ढकलायचं असतं हे मी साफ विसरून गेलेले. एवढं मी कुठेही शपथेवर सांगेन — त्या वेळात माझा हात नळीला लागलेला नाही.

आई बघतच होती. मग हळूच बोलायला लागली. "केवढं मोठं कडं आहे गं... चुंबळीवर कळशी ठेवावी तसं. पण चुंबळ कळशीला कुठे टेकतच नाहीये. सगळीकडून सुटी."

मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू झालं हिचं. आता माझं मन राखतेय. कडं कुठलं मोठं? मी संध्याकाळभर लोकांना दोरा दाखवत होते.

"आणि कड्यात एक काळी फट आहे बघ. बारीक. दोन बांगड्या एकात एक असाव्यात तशी. तिरकं आहे ना सगळं? मला वाटायचं सरळ असेल."

मंदारच्या पहिल्या संध्याकाळी मी जो शनी बघितला होता तो असाच होता. तिरका, उघडा, फटीसकट. ती फट मंदारनंच तेव्हा मला नीट बघायला लावली होती. तरीही तोवर मी स्वतःला सांगत होते, पुस्तकात बघितलं असेल कुठेतरी. मग ती म्हणाली, "छान जमलंय हं तुला. जरा कडेला जायला लागलं की परत मधे आणतेस. आत्ता बघ, आणलंस."

माझा एक हात स्टुलाच्या पायावर होता. दुसरा तिच्या पाठीवर.

मी वर बघितलं. नळी अंधारात नुसती काळी दिसत होती. ती हलत होती असं मी म्हणणार नाही, कारण मला तसं दिसलं नाही. फाइंडरच्या बाजूला कुणी उभं होतं असंही म्हणणार नाही. तिथे झाड होतं आणि झाडामागे कंपाउंडची भिंत. मी उठले नाही. भीती नव्हती ती. उठले, हात लावला, तर जे चाललंय ते थांबेल, असं वाटलं. मी तशीच उकिडवी बसून राहिले, पायाला मुंग्या येईपर्यंत.

आई बराच वेळ बघत होती. किती, ते मी सांगू शकत नाही, पण अभिजितची अख्खी लाइन संपली, आमची गेलेली धरून. शेवटी तिनं डोळा काढला, पदरानं आयपीस पुसलं — पुसू नये, पण मी काही बोलले नाही — आणि म्हणाली, "पोटभर बघितलं."

ती खुर्चीकडे गेल्या गेल्या मी डोळा लावला. शनी बरोबर मधोमध होता. गोळा आणि त्यातून गेलेला दोरा. कडं मिटलेलंच. मी बघत असतानाच तो सरकायला लागला, कडेला गेला आणि दिसेनासा झाला.

अभिजित आला. मी त्याला सांगितलं. तो आधी हसला. "नळी अडकली असेल कुठेतरी." मग त्याचं त्यालाच कळलं — अडकली असती तर शनी केव्हाच गेला असता. त्यानं शनी लावला, हात मागे बांधून उभा राहिला आणि आम्ही आळीपाळीनं बघितलं. गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. खोक्याच्या कडेवर हात ठेवून तो म्हणाला, "काकूंना इतक्यात काही विचारू नका." मग तो तिकडे जाऊन वायर गुंडाळायला लागला. मला दिसत होतं की तो रडतोय.

परतताना गाडीत आई खिडकीशी बसली होती. पत्रीपूल गेल्यावर म्हणाली, "आता मी त्याच्याशी खोटं बोलले असं राहिलं नाही, नाही का गं?" मी म्हटलं, नाही राहिलं. आणि मग ती रडली. मंदार गेला तेव्हा ती रडली नव्हती, दिवसकार्यात नाही, वर्षश्राद्धाला नाही. माझ्यासमोर थोडं डोळ्यातलं पाणी तेवढं त्या थेंबांच्या दिवशी आलं होतं. गाडीत ती घर येईपर्यंत मोठ्यानं रडली, तोंडावर पदरही न घेता. मी तिला थांबवलं नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःलाच विचारून झालंय. माझा नवरा म्हणतो, कडं मनानं उघडलं. शनीचं चित्र कुणी पाहिलेलं नसतं? नव्या डोळ्यानं दोरा बघितला आणि बाकीचं डोक्यानं भरून काढलं. हे मला पटतं. खरंच पटतं, मी भांडणार नाही. पण निसटायचं काय? अभिजित म्हणतो, काकूंचं कपाळ किंवा गाल नळीला लागत असेल, श्वासाबरोबर ती ढकलली जात असेल, अगदी योगायोगानं बरोबर त्याच दिशेला, त्याच वेगानं. मी ते करून बघितलंय. कपाळ लावून, गाल लावून, नाक लावून. ग्रह धडपडत बाहेर जातो. बोटानं ढकलतानासुद्धा मला अजून तितकं जमत नाही, आणि मी आता बऱ्यापैकी शिकलेय.

आईला मी अजूनही सांगितलेलं नाही की तो हात माझा नव्हता. तिला वाटतं मीच धरून होते. कधी कधी शेजारणींना सांगते, वैशूला छान येतं हो टेलिस्कोप चालवायला. तिच्याकडून हे ऐकताना मला काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. सांगितलं तर ती सुखावेल, असंही वाटतं. पण मग ती रोज वाट बघत बसेल, आणि वाट बघणं काय असतं ते मी आता बघतेय.

कारण मी जाते. दर महिन्याला जाते, कधी शहाड, कधी ठाण्यात कुणाच्या गच्चीवर. शनी नसेल तेव्हा गुरू लावते. लोकांना दाखवते, म्हाताऱ्या माणसांना जास्त वेळ देते. सगळे गेले की सामान आवरायच्या आधी मी स्वतः स्टुलावर बसते. ग्रह मधोमध आणते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवते. तो सरकतो. कडेला जातो. निसटतो. आजवर दर वेळी निसटलाय. आईसाठी थांबला, माझ्यासाठी नाही. मला त्याचा राग येत नाही, त्याची आईच ती. पण हेवा वाटतो. सख्ख्या आईचा हेवा वाटतो मला, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतेय.

याचं काही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मी वाचेन, टेलिस्कोपातलं कळणारं कुणी असेल तर जरूर लिहा. फक्त एक विनंती आहे. 'त्याची इच्छा पूर्ण झाली, तो आता मुक्त झाला' असलं काही कृपा करून लिहू नका. चांगल्या मनानं लिहाल, मला कळतं. पण मला तो मुक्त व्हायला नकोय. तो कुठेतरी बोट टेकवून उभा असायला हवाय.